वाचक विचारतात: प्रवासात बरोबर कोणता कॅमेरा घ्यावा?

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त शिक्षक आहोत. दिवाळीनंतर अजिंठा आणि वेरूळ पाहून पुढे बदामी व हंपीला जाण्याचा बेत आहे. खिशात किंवा छोट्या पर्समध्ये मावेल असा कॅमेरा हवा. लेन्स बदलण्याची यातायात नको. दुकानदार ४० पट झूमचा कॅमेरा घ्या असे सांगतो, तर मुलाचे म्हणणे असे की चांगला मोबाइल असताना वेगळ्या कॅमेऱ्यावर खर्च करूच नये. कोणाचे ऐकावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण कुठे जाणार आहात हे पत्रात लिहिलेत ते फार बरे केले, कारण कॅमेऱ्याची निवड तिथूनच सुरू होते. माणसांचे आणि देवळांच्या दर्शनी भागाचे फोटो भर उजेडात काढायचे असतील, तर आपल्या मुलाचे म्हणणे बरोबर आहे. त्या कामी आजचा चांगला मोबाइल कुठेही कमी पडत नाही. अडचण येते ती अजिंठ्याच्या अंधारात, आणि बदामीच्या तिसऱ्या लेण्यात खांबांच्या माथ्यावर कोरलेली युगुले किंवा कैलास लेण्याच्या वरच्या अंगाचे कोरीवकाम जवळून टिपायचे असते तेव्हा. या दोन्ही ठिकाणी उपयोगी पडेल तोच कॅमेरा घ्यावा. नाहीतर खरोखरच घेऊ नये.

अजिंठ्याच्या चित्रांना तीव्र प्रकाशाने इजा पोहोचते, म्हणून तिथे फ्लॅश वापरण्यास मनाई आहे आणि ट्रायपॉडसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्यावी लागते. म्हणजे आतला मंद उजेड आणि आपले दोन हात एवढ्यावरच भागवायचे. अशा जागी किती मेगापिक्सेल याला फारसा अर्थ उरत नाही. भिंग किती प्रकाश आत घेते आणि तो झेलणारा सेन्सर केवढा आहे, यावर सगळे ठरते. दुकानदार सांगतो त्या ४० पट झूमच्या कॅमेऱ्यांपैकी कॅननचा एसएक्स ७४० घेऊन पाहू. त्याचा सेन्सर साधारण ६.२ × ४.६ मिलिमीटरचा आहे आणि झूम न करताही त्याचे भिंग एफ ३.३ पेक्षा जास्त उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितके भिंगाचे तोंड मोठे). सोनीच्या आरएक्स १०० मालिकेतील तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या आवृत्तीचा सेन्सर १३.२ × ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने चौपट आहे आणि भिंग एफ १.८ पर्यंत उघडते, त्यामुळे तेवढ्याच वेळात सेन्सरच्या तेवढ्याच जागेवर तिपटीहून अधिक प्रकाश पडतो. दोन्हींचा एकत्र हिशेब केला तर फरक बारा-चौदा पटींच्या घरात जातो. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीचा चेहरा एका फोटोत स्वच्छ उमटतो आणि दुसऱ्यात रवाळ डागांत हरवतो, त्याचे कारण हे.

४० पट झूम उन्हात, लांबच्या पक्ष्यासाठी किंवा डोंगरावरच्या बुरुजासाठी कामाला येतो, हे खरे. पण झूम पूर्ण ताणल्यावर त्या भिंगाचे तोंड एफ ६.९ इतके अरुंद होते, हाताचा किंचितसा कंपही फोटोत उतरतो आणि दुपारी तापलेल्या हवेची थरथर सगळे तपशील पुसून टाकते. देवळातल्या शिल्पांसाठी एवढ्या झूमची गरज पडत नाही. २०० मिलिमीटरपर्यंतचे भिंग पुष्कळ झाले (भिंगाचा हा आकडा जितका मोठा, तितके लांबचे जवळ दिसते).

म्हणून माझा सल्ला असा. अंदाजपत्रक सैल असेल तर आरएक्स १०० ची २०१९ सालची सातवी आवृत्ती पाहावी. तिचे भिंग २४ ते २०० मिलिमीटरचे असून वजन सुमारे ३०० ग्रॅम आहे. ते भिंग एफ २.८ पर्यंतच उघडते, त्यामुळे अजिंठ्यात थोडी तडजोड होईल. मात्र बदामीत आणि वेरूळला तिचा फायदा पदोपदी जाणवेल. खर्च आवरायचा असेल तर तिसरी ते पाचवी आवृत्ती चांगल्या स्थितीत वापरलेली घ्यावी. त्यांचा झूम ७० मिलिमीटरवर थांबतो, पण २० मेगापिक्सेलच्या फोटोतून हवा तेवढा भाग कापून घेता येतो. वाचक प्रवासातल्या फोटोंबद्दल हळहळ व्यक्त करतात तेव्हा झूम अपुरा पडल्यापेक्षा उजेड अपुरा पडल्याची तक्रार कितीतरी अधिक असते. त्यामुळे दोहोंपैकी एकच साधणार असेल, तर मी उजेडाच्या बाजूने उभा राहीन.

एक गोष्ट दुकानात सहसा कोणी सांगत नाही आणि आपल्या वयाला ती विशेष महत्त्वाची आहे. हंपीच्या उघड्या खडकाळ रानात दुपारी बारा वाजता कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्यात स्वतःच्या चेहऱ्याच्या प्रतिबिंबाखेरीज काही दिसत नाही, आणि दिसले तरी ते पाहण्यासाठी वाचनाचा चष्मा चढवावा लागतो. वर सांगितलेल्या चारही आवृत्त्यांत डोळ्याला लावून पाहण्याचा छोटा व्ह्यूफाइंडर कॅमेऱ्यातून वर उचलता येतो. त्यावरची बारीक कळ सरकवून तो आपल्या नंबराला जुळवून घेता येतो, त्यामुळे चष्म्याची काढ-घाल वाचते. कॅननचा जी ७ एक्स मार्क थ्री हा एरवी उत्तम कॅमेरा आहे, पण त्यात व्ह्यूफाइंडर नाही. एवढ्यासाठी मी तो आपल्याला सुचवणार नाही.

वापरलेला कॅमेरा घेताना तो दोन-तीन वेळा चालू-बंद करून भिंग बाहेर येताना खरखर होते का ते ऐकावे. मग भिंगाचे तोंड शक्य तेवढे लहान करून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढावा आणि तो पडद्यावर मोठा करून पाहावा. राखाडी ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ बसली आहे असे समजावे. या कॅमेऱ्यांचे भिंग निघत नसल्याने ती घरी पुसता येत नाही; कॅमेरा उघडण्यासाठी कारागिराकडेच द्यावा लागतो. बॅटरी फुगलेली नाही ना, तेही पाहून घ्यावे.

बॅटरी लहान असल्यामुळे जोडीला दुसरी हवीच. पुढे कधी विमानाने गेलात तर सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या पिशवीतच ठेवाव्यात; चेक-इन सामानात त्या चालत नाहीत.

लेण्यात शिरण्यापूर्वी बाहेर सावलीत बसूनच फ्लॅश बंद करावा, आणि त्याबरोबर फोकससाठी पेटणारा छोटा दिवाही मेनूमध्ये जाऊन बंद करावा. अनेकांना तो ठाऊकच नसतो आणि मग चित्रावर पडणारा उजेड पाहून रखवालदार रागावतात. आत गेल्यावर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला दाद देण्याची पातळी, १६०० ते ३२०० ठेवावा, कोपरे अंगाशी घट्ट धरावीत, दोन सेकंदांचा टायमर लावावा, म्हणजे बटण दाबल्याचा धक्का लागत नाही, आणि एकाच दृश्याचे तीन-चार फोटो घ्यावेत. चित्र हलत नसल्यामुळे त्यांतला एखादा तरी स्थिर निघतो. आधारासाठी भिंतीला किंवा खांबाला मात्र टेकू नये.

प्रश्न : तारकर्लीला स्नॉर्कलिंगसाठी जायचे आहे. पाण्यात चालणारा कॅमेरा घ्यावा का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पाण्याशी आपला संबंध नेहमीचा असेल तरच घ्यावा. ओएम सिस्टिमचा टीजी ७ वेगळे आवरण न चढवता १५ मीटर खोलीपर्यंत चालतो आणि अगदी जवळच्या वस्तूंचे फोटो सुरेख काढतो. त्याचा सेन्सर लहानच आहे, पण पाण्यात त्याला पर्याय थोडे. झाकणाच्या रबरी पट्टीवर वाळूचा कण किंवा केस अडकला तर पाणी आत शिरते, म्हणून ती प्रत्येक वेळी निरखून पाहावी आणि समुद्रातून बाहेर आल्यावर कॅमेरा थोडा वेळ गोड्या पाण्यात बुडवून ठेवावा. कोकणातल्या दमट हवेत कुठल्याही कॅमेऱ्याच्या भिंगाला बुरशी धरते. घरी तो सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा.

प्रश्न : मला सहलीसाठी २००५ च्या आसपासचा जुना डिजिटल कॅमेरा घ्यायचा आहे. त्याच्या फोटोंचे रंग फार आवडतात. काय पाहावे?
– एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : रंग आवडत असतील तर जरूर घ्यावा, फक्त आधी कार्डाचा कप्पा पाहावा. त्या काळच्या ऑलिंपस आणि फुजीफिल्मच्या बऱ्याच कॅमेऱ्यांना एक्सडी कार्ड लागते आणि ते आता सहजी मिळत नाही. एसडी कार्ड चालणारा कॅमेरा घेतलात तरी तो २ जीबीहून मोठे कार्ड ओळखेलच असे नाही, कारण त्याहून मोठी एसडीएचसी कार्डे २००६ मध्ये आली. त्यामुळे २ जीबीचे कार्ड बरोबर नेऊन, विक्रेत्यासमोर फोटो काढून आणि तो संगणकावर उतरवून पाहिल्यावरच पैसे द्यावेत.