आधी पातळ पुस्तक घे

भावा, इंजिन शिकायला कुठलं पुस्तक घेऊ विचारलंस, तर हेवूडचा इंजिनांवरचा १९८८ सालचा जाडजूड ग्रंथ आत्ताच मागवू नकोस. ग्रंथ अव्वल, पण इंजिनिअरिंगवाल्यांसाठी. माझा वर्षभर कपाटात पडून होता.

सुरुवात आयटीआयच्या डिझेल मेकॅनिक ट्रेडच्या थिअरी पुस्तकानं कर. कुठलंही पुस्तक घेण्याआधी चार स्ट्रोकच्या, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली चार हालचालींच्या, आकृत्या उघडून बघ. कुठला व्हॉल्व्ह कधी उघडतो हे स्पष्ट दिसतंय का? क्रँक (पिस्टननं फिरणारा दांडा) दोनदा फिरतो तेव्हा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) एकदाच का, हे सांगितलंय का? नसेल तर ठेव परत.

नवी पोरं हमखास चुकतात ते इथं:

- नुसतं वाचत बसतात. उद्यमनगरात चौकशी कर, भंगारातलं सिंगल सिलिंडर इंजिन मिळालं तर खोलून पुस्तकाशेजारी ठेव. पिस्टन रिंग हातात घेतल्याशिवाय कळत नाही, खरं सांगतो. सुटे भाग मात्र क्रमानं मांड, फोटो काढ.
- आकडे टाळतात. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची एका वेळची धाव) ४९.५ मिमी, यातून एका सिलिंडरचे ९७.२ सीसी कसे आले, वहीत काढून बघ.
- टर्बोच्या, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या यंत्राच्या, मागं लागतात. राहू दे ते.

गणेसन यांचं इंजिनांवरचं पुस्तक सहा महिन्यांनी घे, तेही जुनं चालेल. अडलास तर पान नंबर सांग.