परदेशातून घरी फोन करायचाय? आधी घरचा फोन कोणता ते बघा

प्रश्न : मुलीकडे न्यू जर्सीला सहा महिने राहायला जातोय. सासूबाई सांगलीजवळच्या गावी असतात, त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन आहे. रोज बोलायचं तर स्वस्त मार्ग कोणता?

समोर स्मार्टफोन नाही म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप बाद, आणि प्रवाशांसाठी विकली जाणारी निव्वळ डेटाची ई-सिमही (कार्ड न घालता फोनमध्येच उतरवून घेतलेलं सिम) बाद. तिला स्वतःचा फोन नंबरच नसतो. तुम्हाला भारतात कॉल करण्याची सोय असलेलं अमेरिकन प्रीपेड सिम हवं. लायकामोबाईल, अल्ट्रा मोबाईल अशा ब्रँडचे प्लॅन बाहेरदेशी बोलणाऱ्यांसाठीच असतात. प्लॅन घेताना भारतातले मोबाईल आणि लँडलाईन दोन्ही धरले आहेत का, आणि मिनिटांना मर्यादा आहे का, एवढं वाचा. ‘इंटरनॅशनल टेक्स्ट फ्री’ या ओळीला भुलू नका, ती फक्त मेसेजपुरती असते. प्रीपेडला सोशल सिक्युरिटी नंबर (तिथल्या रहिवाशांचा सरकारी क्रमांक) लागत नाही. काही ब्रँड तीन महिन्यांचे पैसे एकदम घेतात. सहा महिने राहायचं असेल तर ते परवडतं.

खरी अडचण फोनच्या हँडसेटची येते. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी 2022 मध्ये थ्रीजी बंद केलं, त्यामुळे कॉल फक्त व्होल्टीवरून, म्हणजे फोरजी नेटवर्कवरून जातो. भारतात घेतलेल्या फोनचं व्होल्टी तिथल्या कंपनीला मान्य नसेल तर इंटरनेट चालतं, पण कॉल लागत नाही. एटी अँड टी याबाबत जास्त कडक आहे, टी-मोबाईल तुलनेनं सैल. *#06# दाबून आयएमईआय (हँडसेटचा ओळख क्रमांक) काढा आणि सिम घेण्याआधी कंपनीच्या साईटवर तपासा. टी-मोबाईलचा दूरवर पोचणारा 600 मेगाहर्ट्झचा बँड 71 (रेडिओ लहरींचा पट्टा) आपल्याकडच्या बऱ्याच फोनमध्ये नसतो. शहरात ते जाणवत नाही. नॅशनल पार्कात मात्र मुलीच्या फोनला रेंज आणि तुमच्या फोनला नाही, असं होऊ शकतं.

सासूबाईंना तुमचा +1 ने सुरू होणारा नंबर आधीच लिहून द्या. फसवणुकीच्या बातम्यांमुळे बाहेरचा नंबर दिसला की लोक फोन कापतात, आणि ते बरोबरच आहे. काही स्वस्त अ‍ॅप तुमचा कॉल भारतीय नंबरावरून आल्यासारखा दाखवतात. असे कॉल अडवायची यंत्रणा भारतात 2024 पासून आहे, त्यामुळे त्या अ‍ॅपच्या भरवशावर राहू नका. वेळेचा हिशोब : उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक, हिवाळ्यात साडेदहा.

प्रश्न : सहा महिने भारतीय सिम बंद ठेवलं तर चालेल का? बँकेचे ओटीपी त्यावरच येतात.

बंद ठेवू नका आणि घरच्या कपाटातही ठेवू नका. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमानुसार प्रीपेड नंबरवर 90 दिवस कॉल, मेसेज, डेटा काहीच झालं नाही आणि शिल्लक 20 रुपयांहून कमी असली तर नंबर बंद होऊ शकतो. शिल्लक असेल तर 20 रुपये कापून 30 दिवस मिळतात. पण ही झाली शेवटची आशा. पॅकची मुदत संपली की आधी जाणारे आणि मग येणारे कॉल-मेसेजही थांबतात, म्हणून निघण्याआधी वर्षाचा रिचार्ज मारून मोकळं व्हा.

मग कंपनीच्या अ‍ॅपमधून इंटरनॅशनल रोमिंग चालू करा. हे भारतात असतानाच करा, तिकडे पोचल्यावर ओटीपीसाठीच ओटीपी मागितला जातो. रोमिंगवर येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत, तरी आपल्या प्लॅनमध्ये खात्री करून घ्या. येणारा कॉल मात्र पॅक नसताना महाग पडतो. कर्ज हवंय का विचारणाऱ्या बाईंशी बोलायचे पैसे तुम्हीच भरणार, म्हणून या सिमवरचा फोन उचलू नका. कॉल फॉरवर्डिंगही सेटिंगमधून किंवा ##002# ने रद्द करा, नाहीतर न उचललेला कॉल भारतात परत वळवला जातो आणि दोन्ही बाजूंचे पैसे लागू शकतात. या सिमचं डेटा रोमिंग बंद ठेवा.

दुसरं सिम बसावं म्हणून भारतीय सिमची ई-सिम करून घेणार असाल तर किमान आठवडाभर आधी करा. सिम बदललं की सुरक्षेसाठी 24 तास एसएमएस येत-जात नाहीत. आदल्या रात्री ही उठाठेव केली तर विमानतळावर कार्डाचा ओटीपी येणार नाही.

नव्या सिमवर व्हॉट्सअ‍ॅपनं नंबर बदलायचा का विचारलं तर नाही म्हणा. जुन्या नंबरावरच ते चालू राहतं.

प्रश्न : बारा दिवसांची युरोप टूर आहे. पॅरिसला घेतलेलं सिम सगळीकडे चालेल?

युरोपियन युनियनच्या 27 देशांत आणि नॉर्वे, आइसलँड, लिश्टेनस्टाइनमध्ये स्थानिक दरानं चालतं. 2017 पासून तसा नियम आहे. आपल्या टुरांचं मुख्य आकर्षण असलेलं स्वित्झर्लंड मात्र त्यात नाही, ब्रिटनही नाही. पाकिटावर त्यांची नावं छापलेली असतील तरच घ्या, नाहीतर युंगफ्राउवरून व्हिडिओ कॉल करताना शिल्लक संपेल. आणि हा नियम युरोपातल्या कॉलसाठी आहे, भारतात केलेल्या कॉलला वेगळा दर लागतो.

घरी सगळ्यांकडे व्हॉट्सअ‍ॅप असेल तर ई-सिम सोयीची. व्हॉइस कॉलला मिनिटाला साधारण अर्धा एमबी, व्हिडिओला पाचच्या आसपास डेटा जातो. रोज पंधरा मिनिटं व्हिडिओ धरला तरी बारा दिवसांत 1 जीबीच्या आत. नकाशे, फोटो धरून 3 ते 5 जीबी पुरे. ई-सिम घरच्या वायफायवर टाकून घ्या. क्यूआर कोड दुसऱ्या फोनवर किंवा कागदावर हवा, ज्या फोनवर आला त्याच्याच कॅमेऱ्यानं तो स्कॅन कसा करणार? नेट चालत नाही अशी तक्रार बहुतेकदा एकाच कारणानं येते : या ई-सिमचं डेटा रोमिंग चालू करावं लागतं, आणि लोक घाबरून दोन्ही सिमचं बंद ठेवतात. चालत नाही म्हणून ती डिलीट करू नका, बऱ्याचदा तोच कोड पुन्हा लागत नाही.

प्रश्न : दुबईत व्हॉट्सअ‍ॅप कॉल लागतच नाही. मेसेज जातात.

तिथे स्थानिक नेटवर्कवर व्हॉट्सअ‍ॅपचे कॉल बंद आहेत. मेसेज आणि व्हॉइस नोट चालतात. परवानगी असलेल्यांत बोटिम, झूम आणि गूगल मीट येतात. गूगल मीट घरच्या अँड्रॉइड फोनवर बहुधा आधीपासूनच असतं, म्हणून आम्ही तेच सुचवतो. भारतीय सिमच्या रोमिंग डेटावर व्हॉट्सअ‍ॅप कॉल बऱ्याचदा लागतो, कारण तो डेटा भारतातल्या कंपनीमार्फत फिरून येतो. व्हीपीएनच्या (इंटरनेटवरची बंदी चुकवणाऱ्या अ‍ॅपच्या) वाटेला जाऊ नका. त्याच्या गैरवापराला तिथल्या कायद्यात 5 लाख दिरहमपासून दंड आहे.

प्रश्न : सिंगापूरच्या प्रीपेड सिमवरून घरी दोनदा बोललो तर शिल्लक साफ. असं कसं?

तुम्ही +91 लावलं असणार. सिंगटेल या तिथल्या कंपनीच्या सिमवर + म्हणजे महागडी 001 ची लाईन. स्वस्त लाईनसाठी 019 91 आणि पुढे दहा आकडी नंबर लावा, स्टारहब या दुसऱ्या कंपनीच्या सिमवर 019 ऐवजी 018. पुण्याचा लँडलाईन असेल तर 020 मधलं पहिलं शून्य गाळायचं : 019 91 20 आणि उरलेले आठ आकडे.