वाचकांचे प्रश्न : संथ भयपट आणि अस्वस्थ प्रेक्षक

प्रश्न : सांगलीच्या एका चित्रपटगृहात आम्ही मित्रांनी नुकताच एक परदेशी भयपट पाहिला. शहरातले एक जोडपे डोंगरातल्या वाडीवर उत्सवासाठी जाते, गावकरी त्यांचे अगत्याने स्वागत करतात आणि अखेरच्या वीस मिनिटांपर्यंत म्हणावे असे काहीच घडत नाही. शेवटी मात्र त्या पाहुण्यांचाच बळी दिला जातो. पंगतीच्या एका लांबलचक प्रसंगात तर कॅमेरा जागचा हलतही नाही. मध्यंतरानंतर बरेच लोक परतले नाहीत, बळीच्या प्रसंगी मागच्या रांगेतली मुले चक्क हसत होती आणि बाहेर पडताना ‘पैसे वाया गेले’ हेच सगळ्यांच्या तोंडी होते. मला मात्र पुढचे काही दिवस धड झोप लागली नाही. चुकले कोणाचे, त्यांचे की माझे?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : चुकले कोणाचेच नाही. भयपट म्हटले की दचकवणारा आवाज, दारामागची सावली आणि दर दहा मिनिटांनी एक किंकाळी अशी सवय आपल्याला लागलेली आहे, आणि जाहिरातीतही बहुधा तेवढेच दाखवलेले असते. लोकश्रद्धेवर उभा राहणारा भयपट वेगळ्या वाटेने जातो. अ‍ॅडम स्कोव्हेल या ब्रिटिश अभ्यासकाने या प्रकाराची साखळी मांडली आहे : आधी भूप्रदेश, त्यातून येणारे एकटेपण, त्या एकटेपणात भलत्याच वळणाने वाढलेली श्रद्धा, आणि अखेरीस त्या श्रद्धेतून घडणारे कृत्य. यातले पहिले तीन दुवे प्रेक्षकाच्या मनात रुजायला वेळ लागतो, म्हणून संथपणा हाच या चित्रपटांचा कणा असतो.

आपण उल्लेख केलेला पंगतीचा प्रसंगच पाहा. पाने वाढलेली आहेत, सगळे गाव बसलेले आहे, पण कोणी ताटाला हात लावत नाही. पाहुणी संकोचाने पहिला घास उचलते आणि त्यानंतरच एकेक जण जेवू लागतो. कॅमेरा हलला असता तर आपले लक्ष कोणा एकाच्या चेहऱ्यावर गेले असते. तो स्थिर आहे म्हणूनच सगळे गाव तिच्या त्या घासाची वाट पाहत होते हे आपल्या ध्यानात येते. तिथे शत्रू म्हणून बोट दाखवावे असा कोणीच नाही, सगळे प्रेमळ आहेत आणि सगळ्यांचे आधीच ठरलेले आहे. माझ्या मते आपली झोप उडवली ती या एकमताने. भुताला मंत्र असतो, उतारा असतो. एकमत झालेल्या गावापुढे एकट्या माणसाला काहीच उपाय उरत नाही.

मुलांच्या हसण्याचा राग धरू नका. असह्य झालेला ताण मोकळा करायला हसू हीच सर्वांत सोपी वाट असते, आणि मित्रांच्या घोळक्यात आपण घाबरलो हे कबूल करणे त्या वयात फार जड जाते. मध्यंतराविषयी मात्र माझी खरीच तक्रार आहे. परदेशी दिग्दर्शक मध्यंतर गृहीत धरून चित्रपट बांधत नाही. आपल्याकडे मध्येच कुठेतरी तो तोडून दिवे लावतात, लोक मोबाइल काढतात, आणि तासभर कणाकणाने साठलेली अस्वस्थता पाच मिनिटांत विरून जाते. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये जिथे ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले, त्या सांगलीच्या प्रेक्षकाला अंकाचा पडदा नेमका कुठे पडतो याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

हा अनुभव एकट्या सांगलीचा नाही. अमेरिकेत सिनेमास्कोअर ही संस्था पहिल्याच दिवशी चित्रपटगृहाबाहेर प्रेक्षकांकडून श्रेणी घेते. समीक्षकांनी वाखाणलेल्या ‘द विच’ या भयपटाला तिथे ‘सी उणे’ आणि ‘हेरेडिटरी’ या दुसऱ्या भयपटाला ‘डी अधिक’ अशी खालची श्रेणी मिळाली होती. आपल्याकडचा ‘तुंबाड’ १२ ऑक्टोबर २०१८ रोजी आला तेव्हा त्याला बेताचाच प्रतिसाद मिळाला. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा अधिक कमाई केली. चित्रपट तोच होता, पण आपण काय पाहायला चाललो आहोत हे या वेळी प्रेक्षकाला ठाऊक होते.

प्रश्न : अशा चित्रपटांत ग्रामदैवत, जत्रा आणि जुन्या रूढी नेहमी भेसूरच दाखवतात. उद्या कोणी आमच्या बावधनच्या बगाडावर असा चित्रपट काढला, तर तो श्रद्धेचा अपमान ठरणार नाही का?
— एक वाचिका, वाई, जि. सातारा

उत्तर : ताई, आपली भीती अनाठायी नाही. रंगपंचमीला भैरवनाथाच्या यात्रेत बगाड्याला, म्हणजे नवस फेडणाऱ्या माणसाला, उंच शिडाला बांधून बैलांच्या जोड्या तो गाडा शेतांमधून ओढत गावाकडे आणतात, हे दृश्य पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. बावधनच्या माणसाला त्यात नवस दिसतो, कौल दिसतो, खांदेपालट करणाऱ्या बैलांची काळजी दिसते. या प्रकारचा चित्रपट जवळजवळ नेहमीच पाहुण्याच्या डोळ्यांनी गाव पाहतो, आणि दिग्दर्शक आळशी असला की हळद, संबळ आणि अंगात येणे एवढ्यावरच भागवतो. तशा चित्रपटाचा निषेध आपण जरूर करावा.

चांगला दिग्दर्शक गावालाही त्याचे कारण देतो. १९७३ च्या ‘द विकर मॅन’मध्ये बेटावरचे लोक पोलीस अधिकाऱ्याचा बळी देतात ते फळांचे पीक बुडाल्यामुळे. पोट ज्याच्यावर चालते तेच हातचे गेल्यावर माणसे कोणत्या थराला जातात, हा त्या चित्रपटाचा खरा विषय आहे. हा विषय आपल्यालाही परका मानता येणार नाही. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटले आणि जो २०१३ मध्ये त्यांच्या हत्येनंतर अमलात आला, त्याच्या नावात ‘महाराष्ट्र’नंतर पहिलाच शब्द ‘नरबळी’ हा आहे. श्रद्धेचा मान राखावा असे मलाही मनापासून वाटते. पण तिच्या नावाखाली कोणाचा जीव जात असेल, तर ते पडद्यावर दाखवण्याला अपमान म्हणायला मी तयार नाही.

प्रश्न : तेरा वर्षांच्या मुलाला असे चित्रपट दाखवावेत का?
— एक पालक, कराड

उत्तर : आधी प्रमाणपत्र पाहावे. ‘यूए’ या वर्गात आता ७, १३ आणि १६ वर्षे असे टप्पे आहेत. ‘ए’ प्रमाणपत्र असेल तर प्रश्नच मिटला. ‘यूए १३+’ असेल तरी आधी आपण एकट्याने पाहावा, मग मुलासोबत दिवसाउजेडी पाहावा, आणि मध्येच त्याने ‘बंद करा’ म्हटले तर त्याची थट्टा न करता लगेच बंद करावा.