लॅपटॉप चार्ज होत नाही? बॅटरीकडे सगळ्यात शेवटी वळा

पावसाळा सुरू झाला की किनाऱ्यावरच्या गावांतून हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो, आणि बहुतेकांनी विचारायच्या आधीच ठरवलेलं असतं की बॅटरी गेली. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. भिंतीतल्या सॉकेटपासून बॅटरीपर्यंत करंट जातो त्या वाटेत ॲडॉप्टर, केबल, पिन, लॅपटॉपचा जॅक, आतलं चार्जिंग सर्किट असं बरंच काही लागतं आणि बॅटरी अगदी टोकाला येते, त्यात आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत आधीचेच भाग लवकर दगा देतात. त्यामुळे काही हजार रुपये घालवायच्या आधी एवढं वाचा.

मालवणहून प्रश्न: दादा, माझो लॅपटॉप चार्जच होणा नाय. ॲडॉप्टरची लाइट पेटता, लॅपटॉप चालता, पण टक्के वाढणत नाय. बॅटरी बदलूक व्हयी काय?

थांबा, एवढ्यात नको. आधी सांगा टक्के कितीवर अडकलेत. ६० किंवा ८० च्या आसपास नेमके थांबत असतील तर बिघाड नाहीच, लेनोवो, असूस, डेल, एचपी सगळ्यांच्या लॅपटॉपमध्ये बॅटरी जास्त टिकावी म्हणून चार्जिंग मध्येच थांबवायची सेटिंग असते, ती कंपनीच्या ॲपमध्ये नाहीतर बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, सापडते. कधीतरी अपडेटनंतर ती आपोआप चालू झालेली असते आणि माणूस थेट दुकानात धावतो.

पण टक्के कुठेही अडकत असतील, २३ वर, ४१ वर, आणि लॅपटॉप डेल किंवा एचपीचा गोल पिनवाला असेल, तर माझा पहिला संशय पिनवर. त्या पिनच्या मधोमध एक बारीक सुई असते, तिच्यातून पॉवर जात नाही, ॲडॉप्टर कुठला आणि किती वॅटचा ही ओळख जाते. ओळख पटली नाही तर लॅपटॉप चालतो पण बॅटरी चार्ज करत नाही, शिवाय मुद्दाम स्लो होतो, आणि चालू करताना बरेचदा ॲडॉप्टर ओळखता येत नाही असा मेसेज येतो. स्वस्तातल्या डुप्लिकेट ॲडॉप्टरमध्ये हे फार होतं. आणि समुद्राजवळच्या घरात ओरिजिनललाही होतं, कारण हवेतलं मीठ ओल धरतं आणि त्या सुईवर, जॅकच्या आतल्या पत्र्यावर काळपट किंवा हिरवट थर चढतो, मग स्पर्श नीट होत नाही.

लॅपटॉप बंद करा, ॲडॉप्टर भिंतीतून काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, ९९ टक्केवालं, कापसाच्या काडीला जरासं लावून पिन आतून-बाहेरून पुसा, जॅकपण हलक्या हाताने पुसा, सुई वाकवू नका, पूर्ण सुकू द्या. खोबरेल, गंज काढायचा स्प्रे, पॉलिश पेपर यातलं काहीही नको, पॉलिश पेपरने वरचा मुलामा जातो आणि पुढच्या पावसात दुप्पट गंजतं. मग ॲडॉप्टर न लावता पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून ठेवा, बॅटरी बाहेर काढता येणारी असेल तर काढून हे करा, आणि पुन्हा जोडा. तरी फरक नाही पडला तर ओळखीच्या कुणाचा तसाच ओरिजिनल ॲडॉप्टर लावून बघा. ही एक चाचणी दहा अंदाजांपेक्षा जास्त सांगते.

देवगडहून: ॲडॉप्टर नुसता सॉकेटमध्ये लावला की त्याची लाइट लागते, पिन लॅपटॉपला लावली की लाइट जाते. आंब्याच्या ऑर्डरींचा सगळा हिशोब त्यातच आहे.

लाइट विझते म्हणजे बहुधा ॲडॉप्टर स्वतःला वाचवतोय, पुढे कुठेतरी शॉर्ट आहे, जॅकमध्ये नाहीतर मदरबोर्डवर. क्वचित ॲडॉप्टरच इतका कमजोर झालेला असतो की जरा लोड आला की बसतो. दुसऱ्या ॲडॉप्टरने एकदाच बघा, व्होल्ट तेवढेच हवेत म्हणजे १९.५ ला १९.५, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, कमी नको. त्याचीही लाइट गेली तर पुन्हा पुन्हा लावून बघू नका, बोर्ड आणखी जळतो. बोर्डवर काम करणाऱ्या रिपेअरवाल्याकडे द्या आणि हिशोबाची काळजी आहे हे आधी सांगा, हार्ड डिस्क किंवा एसएसडी वेगळी काढता येत असेल तर बाहेर जोडून डेटा घेता येतो.

गुहागरहून, कॉलेजची विद्यार्थिनी: सर, लॅपटॉप टाइप-सीवर चार्ज होतो, चार्जर हॉस्टेलला राहिला. बाबांचा मोबाइलचा फास्ट चार्जर लावला तर काहीच होत नाही. बिघडला का?

नाही गं, काही बिघडलेलं नाही. टाइप-सी हा फक्त तोंडाचा आकार झाला, आत बोलणी चालतात. पॉवर डिलिव्हरी नावाच्या पद्धतीत चार्जर सांगतो मी ५, ९, १५, २० व्होल्ट देऊ शकतो आणि लॅपटॉप त्यातलं हवं ते मागतो, बहुतेक लॅपटॉपना २० लागतात. मोबाइल कंपन्यांचं फास्ट चार्जिंग बरेचदा त्यांचं त्यांचं वेगळं असतं, वर ६७ वॅट छापलेलं असलं तरी तो वेग त्यांच्याच फोनला. चार्जरवर आउटपुटची बारीक ओळ असते ती वाच, त्यात २० व्होल्ट आणि ४५ किंवा ६५ वॅट असं हवं. केबलपण बघ, साधी टाइप-सी केबल ६० वॅटपर्यंतच चालते, पुढे ५ अँपिअरची लागते. आणि लॅपटॉपला दोन टाइप-सी पोर्ट असतील तर दोन्हीत लावून बघ, काही पोर्ट नुसते डेटाचे असतात.

राजापूरजवळच्या गावातून, निवृत्त शिक्षक: संध्याकाळी लाइट फार डिम असते, व्होल्टेज १५० वर येतं. त्याने चार्जिंग बिघडतं का? आणि लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात.

गुरुजी, कमी व्होल्टेजची काळजी करू नका, ॲडॉप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं आणि १५० वर तो व्यवस्थित चालतो. भीती उलट्या बाजूची आहे. वादळात न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, तुटला तर घरात ४०० च्या आसपास व्होल्ट येऊ शकतात, बल्ब एकदम प्रखर होतात, पंखा जोरात पळतो, तसं दिसलं की आधी मेन स्विच पाडा आणि मग वायरमनला फोन करा. मे-जूनच्या वळवात आणि ऑक्टोबरच्या विजांमध्ये ॲडॉप्टर भिंतीतूनच काढायचा, बटण बंद केलं म्हणून भागत नाही, वीज ती फट सहज ओलांडते. इंटरनेटची वायर लॅपटॉपला जोडलेली असेल तर तीही काढा.

झिणझिण्या येतात म्हणजे बहुतेक अर्थिंग नीट नाही. ॲडॉप्टरच्या आत विजेतला गोंगाट गाळायला बसवलेल्या कपॅसिटर नावाच्या छोट्या भागातून अगदी थोडा करंट बाहेर झिरपतो, तो अर्थिंगने जमिनीत जायचा, वाट नसली की पत्र्यावर येतो. आपल्याकडे जांभ्यात अर्थिंग मुळातच अवघड, उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की आणखी बिघडतं. वायरमनकडून मोजून घ्या, खड्ड्यात पाणी घालत राहा आणि तीन पिनचा टॉप असेल तर मधली जाड पिन कधीही कापू नका. अर्थिंग नसेल तर महागातला स्पाइक गार्डही अर्धंच काम करतो. झटका जोरात बसत असेल तर मात्र ॲडॉप्टर बदलेपर्यंत वापरूच नका.

मुंबईहून, गाव वेंगुर्ला: शिमग्याला येऊन गेलो तेव्हा लॅपटॉप गावच्या कपाटात ठेवला, गणपतीत उघडला तर ० टक्के, चार्जच घेत नाही. दुकानदार म्हणतो बॅटरी बदला.

इथे दुकानदार बरोबर असू शकतो. बॅटरी बंद लॅपटॉपमध्येसुद्धा हळूहळू उतरते, ठरावीक पातळीच्या खाली गेली की तिच्या आतलं सुरक्षा सर्किट चार्जिंग अडवतं. ओरिजिनल ॲडॉप्टर लावून दोन-तीन तास ठेवा, समोर बसून, घर बंद करून जाऊ नका, कधी कधी हळू चार्ज घेत ती परत उठते. बाहेरून वायरी लावून बॅटरीला धक्का देणारे व्हिडिओ दिसतील, ते कृपा करून करू नका, खूप उतरलेल्या लिथियम पेशीत आतल्या आत शॉर्ट होऊन आग लागू शकते.

उठली तर तिची तब्येत तपासा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये इंग्रजीत पॉवर, त्याला चिकटून सी-एफ-जी, मग स्पेस, स्लॅश आणि बॅटरीरिपोर्ट हा एकच शब्द टाइप करून एंटर मारा, एक फाइल बनते ती ब्राउझरमध्ये उघडा. त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे दिसतील. पहिला ५०,००० आणि दुसरा ४०,००० असेल तर बॅटरी ठीक आहे, दुसरा २०,००० वर आला असेल तर बदला. पुढच्या वेळी ५० टक्क्यांच्या आसपास चार्ज ठेवून लॅपटॉप पूर्ण बंद करा आणि शक्यतो मुंबईला घेऊन जा, बंद कपाटातल्या ओलीने बुरशी धरते ती वेगळीच.

अलिबागहून: टचपॅड वर आलाय, झाकण नीट बसत नाही, चार्जिंगही मध्येच थांबतं. दिवाळीपर्यंत चालवू का?

नाही, आजच बंद करा. बॅटरी फुगलीय. चार्जर काढा, टचपॅड दाबून खाली बसवायचा प्रयत्न करू नका, टोचू नका, लॅपटॉप उन्हात किंवा अंथरुणावर ठेवू नका, फरशीवर मोकळ्या जागी ठेवा आणि सर्व्हिस सेंटरमधूनच बॅटरी काढून घ्या. काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका, २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर आहे, तेव्हा सर्व्हिस सेंटरमध्येच जमा करा.