सिस्टरताईंना विचारा : मशीन तेच, मग बीपी वेगळं का आलं?

प्रश्न : ताई, मी रामबागेत राहते, बारावीनंतर जीडीएचा (जनरल ड्यूटी असिस्टंट, म्हणजे पेशंटची देखभाल करणारा मदतनीस) कोर्स केला आणि आता इथेच एका प्रायव्हेट हॉस्पिटलमधे पेशंट केअरला लागले. परवा एका आजींचं बीपी मी घेतलं तर 152/94, थोड्या वेळानी सिस्टरनी घेतलं तर 130/82. सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. मशीन तर तेच होतं!

उत्तर : अगं, आधी हे आठव की आजी त्या वेळी काय करत होत्या. बाथरूमला जाऊन आल्या होत्या, सुनेशी बोलत होत्या, हात पलंगाखाली लोंबत होता, यातलं काहीही असलं तरी आकडा वर जातो. पाच मिनिटं शांत बसू द्यायचं, पाठीला टेका, पायावर पाय नाही, हात उशीवर हृदयाच्या लेव्हलला, आणि गप्पा बंद, तुझ्यासुद्धा. अर्ध्या तासात चहा झाला असेल तर थांब, लघवीला लागली असेल तर आधी जाऊन येऊ दे. आता कफ, म्हणजे मशीनचा दंडाला गुंडाळायचा पट्टा. डिसेंबरात आपल्या इंदूरच्या आज्या दोन-दोन स्वेटर चढवून बसतात आणि आपण कंटाळा करून वरूनच कफ गुंडाळतो, तसं करू नकोस, आणि बाही वर सरकवून ती दंडाला आवळत असेल तर तेही नको, सरळ हात बाहेर काढायला सांग. कफची खालची कड कोपराच्या दोन बोटं वर. जाड दंडाला छोटा कफ लावला की बीपी हमखास जास्त दिसतं, त्यामुळे मोठा कफ कुठल्या कपाटात असतो ते ड्यूटीच्या पहिल्या दिवशीच विचारून ठेवायचं. डायलिसिसचा फिस्टुला (डायलिसिससाठी ऑपरेशन करून जोडलेली हातातली रक्तवाहिनी) असेल त्या हाताला कफ लावायचाच नाही, स्तनाच्या ऑपरेशनच्या बाजूलाही सिस्टरना विचारल्याशिवाय नाही.

आणि जे आलं तेच लिही. 152 आलं तर 152, "एवढं कसं असेल" म्हणून मनानी 140 करायचं नाही, पुन्हा घे आणि दोन्ही आकडे सिस्टरना सांग. औषध द्यायचं की नाही ते त्या बघतील. तू विचारलं नाहीस पण सांगते, मला सगळ्यात जास्त चीड श्वासाच्या रकान्याची येते, चार्ट उघडला की अख्ख्या वॉर्डाचा श्वास 20! कोणी मोजतच नाही. नाडी मोजून झाली की बोटं मनगटावर तशीच राहू दे आणि पूर्ण मिनिटभर छातीकडे बघ, "आता श्वास मोजते" असं सांगितलंस की पेशंट श्वास बदलतोच. मोठ्या माणसाला 12 ते 20 नॉर्मल. पेशंट बिघडायला लागला की बऱ्याचदा बीपीच्या आधी श्वास वाढतो, म्हणून 26 दिसला तर राउंडची वाट न बघता लगेच सांगायचं.

प्रश्न : सुदामानगरात एका काकांना पॅरालिसिस झालाय, उजवी बाजू गेली आहे, मी दिवसपाळीला असतो. माकडहाडाशी लाल डाग दिसतोय. काकू म्हणतात तेल लावून चोळ. चोळू का?

उत्तर : नाही रे बाबा, अजिबात चोळू नकोस, काकूंना माझं नाव सांग. बोटानी हलकं दाबून बघ, दाब काढल्यावरही लाली तशीच, पांढरं पडतच नाही, म्हणजे बेडसोर, एकाच जागी दाब पडून होणारी जखम, सुरू झाला. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, तिथे आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागतं का ते बघायचं. दर दोन तासांनी कूस बदलायची, अगदी नव्वद अंशात आडवं नाही, पाठीमागे उशी देऊन साधारण 30 अंश. पोटरीखाली उशी अशी ठेव की टाच हवेत राहील. एअर मॅट्रेस आणली म्हणून कूस बदलणं सुटत नाही, आणि मधे भोक असलेली ती रबरी रिंग तर नकोच. वर सरकवताना ओढायचं नाही, खाली आडवी चादर घालून दोघांनी उचलायचं. ओला डायपर लगेच बदल. शर्ट घालताना आधी उजवा हात, काढताना तो शेवटी, आणि त्या हाताला धरून उठवायचं नाही, खांदा निखळतो. डॉक्टरांना मात्र आजच दाखवा.

प्रश्न : पेशंटची सकाळची शुगर 58 आली, घाम फुटलाय, आणि घरचे म्हणतात रोजचं इन्सुलिन देऊन टाका. काय करायचं?

उत्तर : इन्सुलिन नाही! 70 च्या खाली म्हणजे शुगर कमी झाली आहे. शुद्धीत असेल, नीट गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, डॉक्टरांना फोन, 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध नसेल तर तोंडात एक थेंबही घालायचा नाही, कुशीवर वळवून 108 ला फोन. उलटंही होतं, पोहे-जलेबी खाऊन हात न धुता बोट टोचलं तर पाकामुळेच आकडा वर दिसतो, म्हणून आधी साबणानी हात धुऊन, कोरडे करून, मग बोटाच्या कडेला टोचायचं.