गोचीडताप: औषध आणण्याआधी रक्ताची काच तपासा

चवथ (गणेशचतुर्थी) झाली की आमच्या गोव्यातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गोचिडांच्या तक्रारी सुरू होतात, त्या दिवाळीपर्यंत थांबत नाहीत. पाऊस उघडीप देतो, ऊन पडतं, हवा दमट असते; गवतातली पिल्लं नेमकी तेव्हा जनावरावर चढतात. अलीकडे आलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरं इथे देतो. गोचीड कुठे बसतो, कसा दिसतो हे तुम्हाला सांगायला नको, त्यामुळे थेट मुद्द्यावर येतो.

सत्तरीतून: दुसऱ्या वेताची संकरित गाय. चार दिवस ताप, चारा सोडला, दूध निम्म्यावर आलं. दुकानदाराने तापाचं आणि अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं. ताप उतरला आणि परत चढला. आता डोळे पांढरे दिसतात. पुढचं कोणतं इंजेक्शन आणू?

कोणतंही आणू नका. आधी रक्ताची काच, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब, सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्या.

गोचिडांमुळे आपल्याकडे मुख्यतः तीन रोग येतात: थायलेरिया, बबेसिया आणि ॲनाप्लाझ्मा. थायलेरियात ताप 104 ते 107 फॅरनहाइट, खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी सुजलेली, धाप. बबेसियात लघवी कॉफीच्या रंगाची. ॲनाप्लाझ्मात लघवीत रक्ताचा रंग नसतो, पण डोळे पिवळे पडतात आणि शेण घट्ट होतं. पुस्तकात हे असं सुटं सुटं लिहिलेलं असतं. गोठ्यात मात्र एकाच गाईत दोन रोग सापडतात आणि लक्षणांची सरमिसळ होते. थायलेरियाला ब्युपार्वाक्वोन लागतं, बबेसियाला डायमिनाझिन, ॲनाप्लाझ्माला ऑक्सिटेट्रासायक्लिन. थायलेरियाच्या गाईला डायमिनाझिन टोचून काही हाती लागत नाही, आणि तेवढ्यात दोन दिवस जातात. या रोगात दोन दिवस फार झाले.

काच घ्यायची ती ताप चढलेला असताना, कानाच्या शिरेतून, कोणतंही औषध टोचण्याआधी. दुकानदाराच्या दोन सुया टोचून झाल्यावर गाय आमच्याकडे येते, तेव्हा काचेत कधी कधी काहीच दिसत नाही आणि आम्हालाही अंदाजाने चालावं लागतं. तापाचं इंजेक्शन ताप उतरवतं. रक्तातले परजीवी आहेत तिथेच राहतात. मालकाला वाटतं गाय सुधारली.

अर्ध्या डोसचा प्रकार तर सगळ्यात वाईट. ब्युपार्वाक्वोन वजनावर देतात: 20 किलोला 1 मिलि, म्हणजे 300 किलोच्या गाईला 15 मिलि, मानेच्या स्नायूत खोल, दोन जागी वाटून. औषध महाग, म्हणून दुकानदार 5 मिलिवर भागवायला सांगतो. त्या 5 मिलिचे पैसे वाया जातात आणि गायही वाचत नाही. स्वतः टोचायचंच नाही, पण कोणी टोचत असेल तर वजन किती धरलं ते विचारा.

तुमच्या गाईचे डोळे पांढरे म्हणजे रक्त उतरलं आहे. तिला चालवत दवाखान्यात आणू नका, वाटेतच बसेल. सावलीत बांधा, पाणी समोर ठेवा आणि आम्हाला गोठ्यावर बोलवा. रक्त फारच कमी असेल तर दुसऱ्या गाईचं रक्त चढवावं लागतं, तो निर्णय आजच व्हायला हवा.

जाता जाता: तापासाठी डायक्लोफेनॅक कोणी देत असेल तर घेऊ नका. जनावरांसाठी ते 2006 पासून बंद आहे, गिधाडं त्यानेच गेली. केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकही 2023 मध्ये बंद झाली. जुना साठा कुठे ना कुठे निघतोच.

पेडण्यातून: दर आठवड्याला फवारतो. आधी लिटरला 2 मिलि घालायचो, दुकानदाराच्या सांगण्यावरून आता 6 घालतो. तरी गोचीड हटत नाहीत. यापेक्षा कडक औषध कोणतं?

डोस वाढवणं बंद करा. दुप्पट नाही, तिप्पट नाही, बाटलीवर लिहिलंय तेवढंच. डेल्टामेथ्रिनच्या नेहमीच्या बाटलीला लिटरला 2 ते 3 मिलि पुरतं. कमी पडतं ते पाणी. मोठ्या गाईला किमान 3 लिटर द्रावण लागतं, तुम्ही अर्ध्या लिटरात पाठ ओली करून सोडता. गोचीड पाठीवर नसतात. कानाच्या आत, मानेखालच्या पोळीत, कासेवर, शेपटीच्या मुळाशी, मांड्यांच्या बेचक्यात हाताने केस उलटे करून द्रावण पोचवा. संध्याकाळी फवारा. आधी जनावराला पोटभर पाणी पाजा, म्हणजे ते अंग चाटणार नाही. दुपारच्या उन्हात नको, पावसाच्या तोंडावर नको, जखमेवर नको.

दर आठवड्याला फवारण्याचीही गरज नाही. आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसणारा गोचीड पिल्लापासून मोठा होईपर्यंत एकाच जनावरावर साधारण 3 आठवडे काढतो, मग मादी खाली पडते आणि हजारोंनी अंडी घालते. म्हणून दुसरी फवारणी 18 ते 20 दिवसांनी, नवी मादी पडायच्या आत. दर आठवड्याला तेच औषध मारलं की मरणारे मरतात आणि न मरणाऱ्यांची पैदास उरते. डेल्टामेथ्रिन-सायपरमेथ्रिनला दाद न देणारे गोचीड देशात अनेक ठिकाणच्या संशोधनात सापडले आहेत, आणि ते असेच तयार होतात. नीट फवारूनही चार दिवसांनी जिवंत गोचीड दिसले तर आठ-दहा गोचीड डबीत घालून माझ्याकडे आणा. औषधाचा गट बदलायचा, जसं की अमिट्राझ, तर आम्ही सांगू. दोन औषधं एकत्र मिसळू नका. आणि दुकानदार काजूवरचं किंवा भातावरचं औषध काढून देत असेल तर तिथून उठा. तोंडाला फेस, बाहुली बारीक, थरथर अशी जनावरं मी पुष्कळ पाहिली आहेत. सगळी वाचत नाहीत.

आता खरी गोष्ट. तुमचा गोठा चिऱ्यांचा, गिलावा न केलेला असणार. चिऱ्याच्या भोकांत आणि सांध्यांत थायलेरिया पसरवणारा गोचीड राहतो, तिथेच अंडी घालतो. जनावरावर दिसतात ते थोडे, भिंतीत आणि गवतात असतात ते बहुतेक सगळे. तुम्ही गाय धुता आणि गाय रात्री त्याच भिंतीला टेकते. माझं सांगणं दर वर्षी एकच: गोठा आधी, गाय मग. जमिनीपासून पुरुषभर उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा करा. तेवढे पैसे नसतील तर सांधे तरी बुजवा आणि चुना मारा, मिरगाआधी एकदा आणि चवथीनंतर एकदा. ज्यांनी हे केलं त्यांची औषधाची बाटली वर्षभर पुरते. दूध काढताना रोज हात फिरवून गोचीड काढा, साबणाच्या पाण्यात टाका, बोटाने चिरडू नका. गावठी कोंबड्या गोठ्यात सोडा, त्या टिपतात. फवारणीच्या दिवशी मात्र डालून ठेवा.

व्हाळात (ओढ्यात) नेऊन जनावर फवारू-धुवू नका. ही औषधं माशांना आणि झिंग्यांना लगेच मारतात.

फोंड्यातून: आयव्हरमेक्टिनच्या एका सुईने गोचीड आणि जंत दोन्ही जातात असं दुकानदार म्हणतो. दुभत्या गाईला द्यावी का?

नाही. दूध विकणाऱ्या गाईला नाहीच, औषध दुधात उतरतं आणि बरेच दिवस राहतं. भाकड जनावराला किंवा वासराला द्यायची तर आम्ही देऊ, 50 किलोला 1 मिलि, कातडीखाली. ताप आलेल्या गाईच्या रक्तातल्या थायलेरिया-बबेसियावर तिचा काही उपयोग नाही.

डिचोलीतून: म्हैस गोल गोल फिरते, भिंतीला डोकं लावते. कॅल्शियमच्या दोन बाटल्या चढवल्या.

तिसरी चढवू नका. पावसाळ्यात मोठ्या चावऱ्या माश्या वाढतात, त्या एका जनावराचं रक्त दुसऱ्याला पोचवतात आणि सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग होतो. रक्ताचा ताजा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की परजीवी हलताना दिसू शकतात. पिसाळल्याचीही शक्यता धरावी लागते, म्हणून तोंडात हात घालू नका. आजच बोलवा.

सत्तरीतूनच: गाई जंगलात चरायला जातात. माकडताप गाईंमुळे घरात येतो का?

माकडताप हा गोचिडांतून माणसाला होणारा ताप. गाय या तापाने आजारी पडत नाही. पण तो पसरवणारे हिमाफायसॅलिस जातीचे गोचीड गाईच्या अंगावर बसून वाडीपर्यंत येतात. हा रोग 1957 मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडला, आपल्या सत्तरीत 2015 पासून आहे. माणसाला चावतात ती बारीक पिल्लं, ती सहज दिसतही नाहीत. डिसेंबर ते मे हा धोक्याचा काळ, म्हणजे नेमका काजूचा हंगाम. त्या दिवसांत गाई काजूच्या भाटात (बागेत) मोकळ्या सोडू नका. जंगलातला पातेरा (वाळलेली पानं) गोठ्यात अंथरायची सवय आपल्याकडे आहे, ती या महिन्यांत तरी बंद ठेवा; पातेऱ्याबरोबर गोचीडही घरात येतात. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. गोचीड दूर ठेवायला अंगाला लावायचं तेल आरोग्य केंद्रात विचारा. घरात कोणाला ताप आला तर डॉक्टरला आपण काजूत गेलो होतो हे आधी सांगा.

योजनेबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं. कामधेनू या सरकारी अनुदान योजनेतून गाय घ्यायची तर कागदपत्रं जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, अनुदानाचे आकडे बदलतात. मी इतकंच सांगेन: बाहेरच्या राज्यातून आणलेली संकरित गाय आली की सरळ दावणीला बांधू नका. पहिल्याच दिवशी गोचीड काढून फवारा, 3 आठवडे वेगळी ठेवा, आठवड्यातून दोनदा ताप बघा. थायलेरियातून बरी झालेली गाय दिसायला धडधाकट असते, पण रक्तात रोग बाळगून असते. थायलेरियाची लस संकरित वासरांना दोन महिन्यांनंतर देता येते. गाय घेताना ती टोचली आहे का ते विकणाऱ्याला विचारा, आणि तो नुसतं हो म्हणाला तर कार्ड मागा.