63 दिवसांचा हिशेब : इंग्लंडमध्ये शाळेच्या सुट्टीत मुलांना कोण सांभाळणार?

ताई, आपला प्रश्न वाचला. यजमानांना कॉव्हेंट्रीजवळ मोटार उद्योगातील नोकरीचा प्रस्ताव आला आहे, आपण नाशिकमधील अंबडची नोकरी सोडून तिकडे गेल्यावर काम शोधणार आहात, मुलगी 9 वर्षांची आणि मुलगा 5 वर्षांचा आहे. इंदिरानगरच्या घरी मे महिन्याच्या सुट्टीत आपली आई आणि सासूबाई आलटून पालटून मुलांना सांभाळतात, तसे तिकडच्या 6 आठवड्यांच्या सुट्टीत कोण सांभाळणार आणि आई-बाबांना दर उन्हाळ्यात बोलावून घेता येईल का, असे आपण विचारले आहे. मी मूळची नाशिकच्याच गंगापूर रोडची. गेली 8 वर्षे आम्ही दोघेही नोकरी करत दोन मुलांसह कॉव्हेंट्रीत राहतो. हा प्रश्न आपल्याला निघण्यापूर्वीच पडला याचे मला फार बरे वाटले, कारण आम्हाला तो पडला तेव्हा जुलै उजाडला होता.

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करते. अडचण फक्त 6 आठवड्यांची नाही. इंग्लंडमधील सरकारी शाळा वर्षातून 190 दिवस मुलांसाठी भरतात. जुलैच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंतची मोठी सुट्टी, नाताळ आणि ईस्टर यांचे प्रत्येकी 2 आठवडे, शिवाय ऑक्टोबर, फेब्रुवारी आणि मे महिन्यांतील एकेक आठवड्याची हाफ टर्म, म्हणजे सत्राच्या मधली सुट्टी, असे मिळून 13 आठवडे होतात. त्यात शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे 5 दिवस मिळवावे लागतात. त्या दिवशी शिक्षक शाळेत असतात आणि मुले घरी. शनिवार-रविवार आणि 8 सार्वजनिक सुट्ट्या वगळल्या तर वर्षात साधारण 63 दिवस असे निघतात की कचेऱ्या चालू आहेत आणि शाळा बंद आहे. कायद्याने पूर्णवेळ नोकरदाराला 28 दिवसांची भरपगारी रजा मिळते, मात्र बहुतेक ठिकाणी त्या 8 सार्वजनिक सुट्ट्या त्यातच धरलेल्या असतात, म्हणजे हाती उरतात 20. दोघांचे मिळून 40. याचा अर्थ असा की आपण दोघांनी वर्षभरात एकही दिवस एकत्र रजा घेतली नाही, कोणी आजारी पडले नाही आणि नाशिकला कोणाच्या लग्नाला यावे लागले नाही, तरीही 23 दिवस उघडे पडतात.

हा हिशेब आम्ही पहिल्या वर्षी केला नव्हता. मुलगी तेव्हा 6 वर्षांची होती आणि मुलगा 3 वर्षांचा. मुलाचे पाळणाघर वर्षभर चालणारे असल्याने त्याचा प्रश्न नव्हता. मुलीसाठी जवळच्या एका हॉलिडे क्लबमध्ये, म्हणजे शाळेच्या सुट्टीत पैसे घेऊन मुलांना दिवसा सांभाळणाऱ्या ठिकाणी, जूनअखेरीस चौकशी केली, तर पहिले 3 आठवडे भरून गेले होते. उरलेल्या आठवड्यांसाठी पैसे भरले आणि त्यानंतर लक्षात आले की क्लब 9 वाजता उघडतो आणि 3 वाजता बंद होतो, आणि त्यापुढे थांबवून घेण्याची सोय त्यांच्याकडे नाही. पुढे एका गुरुवारी निरोप आला की मुलांची संख्या कमी असल्यामुळे पुढचा आठवडा रद्द केला आहे. पैसे परत मिळाले, पण दिवस परत मिळत नाहीत. त्या आठवड्यात मी घरून काम केले. बैठक चालू असताना मुलगी बाहेरच्या खोलीत बसायची आणि दाराखालून कागद आत सरकवायची. पहिल्या कागदावर फुलपाखरू होते, दुसऱ्यावर घर होते, आणि तिसऱ्यावर फक्त लिहिले होते, ‘आई, झालं का?’ तो कागद मी अजून जपून ठेवला आहे. घरून काम करणे आणि मूल सांभाळणे या दोन गोष्टी एकाच वेळी होतात असे कोणी सांगितले, तर ते मनावर घेऊ नका. 9 वर्षांच्या मुलीबरोबर दोन-तीन तास निभावतील, 5 वर्षांच्या मुलाबरोबर अर्धा तासही निभावणार नाही.

आता आई-बाबांविषयी, कारण आपला मुख्य भरवसा तिथेच दिसतो. भेटीच्या व्हिसावर त्यांना एका वेळी जास्तीत जास्त 6 महिने राहता येते, आणि 2, 5 किंवा 10 वर्षांचा व्हिसा काढला तरी प्रत्येक भेटीची मर्यादा तीच राहते. नातलग भेटीला आलेले असताना नातवंडांना सांभाळू शकतात, परंतु ती भेट अल्पकाळाची असावी आणि त्या सांभाळण्याला नोकरीचे स्वरूप येऊ नये, अशी तिथल्या गृहखात्याची भूमिका आहे. शिवाय लागोपाठ भेटी देऊन प्रत्यक्षात तिथेच वास्तव्य केल्यासारखे होणे नियमात बसत नाही. म्हणून एखाद्या उन्हाळ्यात त्यांनी दीड-दोन महिने येणे योग्यच आहे, अर्जातही जे खरे आहे तेच लिहावे, पण दर वर्षीची कायमची सोय म्हणून त्यांच्यावर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

केवळ नियमामुळे मी हे म्हणत नाही. आमचे आई-बाबा तिसऱ्या उन्हाळ्यात आले तेव्हा पहिले दोन आठवडे घर भरल्यासारखे वाटले. बाबांनी बागेपर्यंतचा बसमार्ग पाठ केला, आईने मुलांना थालीपीठ थापायला शिकवले. तिसऱ्या आठवड्यापासून आई दुपारी खिडकीशी बसू लागली. रस्त्यावर माणूस दिसत नाही, शेजारीण वाटी घेऊन येत नाही, रात्री 9 वाजेपर्यंत उजेड असल्यामुळे दिवस संपता संपत नाही, आणि दोन मुलांना घेऊन एकटीने बाहेर पडण्याची भीती वाटते. संध्याकाळी मी दारात पाऊल टाकताच ती विचारायची, ‘उद्या किती वाजता येशील?’ नाशिकला तिची सकाळ गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, जाण्यात आणि भाजीबाजारात जाते, इथे तिला आम्ही नकळत चार भिंतींत बसवले होते. तेव्हा बोलवाच, पण त्यांच्यावर दिवसाचे 10 तास टाकू नका. अर्धा दिवस क्लब आणि अर्धा दिवस आजी-आजोबा अशी विभागणी ठेवा. प्रवासविमा काढताना मधुमेह, रक्तदाब असे जुने आजार दडवू नका, कारण भेटीला आलेल्या व्यक्तीला सरकारी रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर उपचाराच्या ठरलेल्या खर्चाच्या दीडपट आकारणी होते. आणि घरचा पत्ता, पोस्टकोड आणि 999 हा तिथला आपत्कालीन मदतीचा क्रमांक मोठ्या देवनागरी अक्षरांत लिहून टेलिफोनजवळ चिकटवून ठेवा.

पैसे देऊन होणाऱ्या सोयी दोन. पहिली म्हणजे हॉलिडे क्लब. 2024 मध्ये त्याचा सरासरी दर एका मुलामागे आठवड्याला 175 पौंड होता. वर सांगितलेले 23 दिवस दोन मुलांसाठी त्या दराने धरले तर 1,610 पौंड होतात, आणि सकाळी लवकर सोडण्याचे किंवा संध्याकाळी उशिरा आणण्याचे पैसे बहुधा वेगळे पडतात. दुसरी सोय म्हणजे चाइल्डमाइंडर, म्हणजे स्वतःच्या घरी मुले सांभाळणारी नोंदणीकृत व्यक्ती. तिच्याकडे एका वेळी 8 वर्षांखालील जास्तीत जास्त 6 मुले असतात. आपल्या 5 वर्षांच्या मुलासाठी मला ही सोय अधिक पसंत आहे, कारण नवा देश, नवी भाषा आणि त्यात दर आठवड्याला नवा क्लब हे त्या वयाला फार होते. एकच घर आणि एकच ओळखीचा चेहरा मिळाला तर मूल रुळते. काही चाइल्डमाइंडर फक्त शाळेच्या दिवसांतच काम करतात, हे मात्र आधी विचारून घ्या. दोन्ही ठिकाणी ऑफस्टेडची, म्हणजे शाळा आणि बालसंगोपन केंद्रे तपासणाऱ्या सरकारी संस्थेची, नोंदणी आहे का ते पाहावे. स्थानिक काउन्सिलची (आपल्याकडच्या महापालिकेसारख्या संस्थेची) फॅमिली इन्फर्मेशन सर्व्हिस अशा ठिकाणांची यादी देते.

तिथली ओळखीची माणसे आपल्याला ‘टॅक्स-फ्री चाइल्डकेअर’ या मुलांच्या सांभाळाच्या खर्चासाठीच्या सरकारी योजनेविषयी सांगतील. त्यात पालकांनी 8 पौंड भरले की सरकार 2 पौंड घालते, आणि एका मुलामागे वर्षाला 2,000 पौंडांपर्यंत मदत मिळते. परंतु ज्यांच्या व्हिसावर सार्वजनिक निधी, म्हणजे ठराविक सरकारी आर्थिक मदत, घेण्यास मनाई असते, त्यांना ती मिळत नाही, आणि नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांवर ही मनाई असतेच. आम्हालाही ती सवलत कायमच्या वास्तव्याचा परवाना मिळाल्यानंतरच घेता आली. त्यामुळे खर्चाचा अंदाज बांधताना पहिल्या काही वर्षांसाठी ही रक्कम शून्य धरा.

रजेच्या बाबतीत दोन गोष्टी लेखी विचाराव्यात. एक, एप्रिल 2024 पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून कामाच्या वेळा बदलून मागण्याचा हक्क आहे. हक्क मागण्याचा आहे, मिळण्याचा नाही, पण मालकाला 2 महिन्यांच्या आत निर्णय द्यावा लागतो. दोन, 18 वर्षांखालील प्रत्येक मुलामागे एकूण 18 आठवड्यांची बिनपगारी पालक रजा कायद्यात आहे, आणि ती एका मुलासाठी वर्षाला 4 आठवड्यांपर्यंत, 21 दिवस आधी सूचना देऊन घेता येते. यजमान स्किल्ड वर्कर व्हिसावर, म्हणजे कुशल नोकरदारांच्या व्हिसावर, असतील, म्हणून एक सावधगिरीची सूचना आवर्जून देते. कॅलेंडर वर्षात एकूण 4 आठवड्यांहून अधिक बिनपगारी गैरहजेरी झाली तर त्या व्हिसावर गदा येऊ शकते. कायद्याने दिलेली पालक रजा या नियमाला अपवाद आहे, साधी बिनपगारी रजा अपवाद नाही. अर्जात रजेचा प्रकार नेमका कोणता लिहिला आहे, याला इथे फार महत्त्व आहे.

मुलांना सुट्टीत नाशिकला पाठवण्याचा विचार आपल्या मनात येईलच. आम्ही तो दोनदा अमलात आणला आणि दोन्ही वेळा मुले आनंदाने परतली. मात्र त्यांची सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये असते आणि नाशिकच्या शाळा जूनच्या मध्यालाच सुरू झालेल्या असतात, त्यामुळे मामेभावंडे सकाळी दप्तर घेऊन निघून जातात आणि ही दोघे आजोबांबरोबर उरतात. मे महिन्यातील कुरडया-पापड, आंबे, गच्चीवर झोपणे यांपैकी त्यांच्या वाट्याला काही येत नाही. त्यांच्या वाट्याला येतो तो श्रावण. गंगापूर धरणातून पाणी सोडल्यावर सोमेश्वरचा धबधबा कसा फुगतो, हे माझ्या मुलाने आजोबांचे बोट धरून, हातात भाजलेले कणीस घेऊन पाहिले, आणि त्याच्या मनातले नाशिक तेच आहे. 2027 च्या ऑगस्टमध्ये सिंहस्थातील मुख्य स्नाने आहेत, तेव्हा त्या वर्षी जायचे असेल तर तिकिटे आणि शहरातील गर्दी यांचा विचार खूप आधी करा. स्वस्त तिकिटासाठी किंवा दिवाळीसाठी शाळा बुडवणे मात्र टाळा. विनापरवानगी 5 दिवस गैरहजेरी झाली की प्रत्येक पालकाला प्रत्येक मुलामागे 80 पौंड दंड होऊ शकतो, आणि 21 दिवसांत न भरल्यास तो 160 होतो.

मोठ्या मुलीला घरी ठेवून लहान भावाकडे लक्ष द्यायला सांगावे, असे आपल्याकडे सहज घडते. तिथे कायद्यात ठराविक वय लिहिलेले नाही, पण मुलाला धोका होईल अशा रीतीने एकटे सोडणे हा गुन्हा आहे, आणि 12 वर्षांखालील मुलांना जास्त वेळ एकटे ठेवू नये असा बालसंरक्षण संस्थांचा सल्ला आहे. आपली मुलगी 9 वर्षांची आहे. हा पर्याय मनातून काढून टाका.

आमचे उन्हाळे खऱ्या अर्थाने सुटले ते अदलाबदलीने. शाळेच्या फाटकाशी ओळख झालेली एक मल्याळी परिचारिका आणि एक पोलिश कुटुंब, अशी आम्ही तीन घरे मिळून ऑगस्टमधील काही दिवस वाटून घेतो. ज्या घरी त्या दिवशी रजा असेल त्यांच्याकडे सगळी मुले, आणि पैशांचा व्यवहार अजिबात नाही. 8 वर्षांखालील मुलांना पैसे घेऊन दिवसाला 2 तासांहून अधिक सांभाळायचे तर नोंदणी लागते, म्हणून हे शेवटचे पथ्य पाळावेच. माझ्या वाट्याच्या दिवशी मी मुलांना ग्रंथालयात नेते. तिथे ‘समर रीडिंग चॅलेंज’ हा 4 ते 11 वर्षांच्या मुलांसाठीचा वाचनाचा उपक्रम विनामूल्य असतो. लहानपणी मे महिन्यात नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात जाण्याची सवय मला होती, ती अशी उपयोगी पडली. अशी ओळख पहिल्या उन्हाळ्यात लगेच होत नाही, म्हणून पहिल्या वर्षीच्या क्लबसाठी पैसे बाजूला ठेवा आणि जागा फेब्रुवारी-मार्चमध्येच नोंदवा.

दर जानेवारीत आम्ही नाशिकहून आणलेले कालनिर्णय स्वयंपाकघराच्या दारामागे लावतो, शाळेच्या सुट्ट्या त्यावर लाल पेन्सिलीने खुणावतो आणि प्रत्येक लाल चौकोनात एक नाव लिहितो. ज्या चौकोनात नाव नाही, त्याची तजवीज त्याच आठवड्यात सुरू करतो. आपणही यजमानांनी प्रस्तावावर सही करण्यापूर्वी कंपनीला एवढे विचारून घ्या की सार्वजनिक सुट्ट्यांव्यतिरिक्त रजा किती दिवसांची, ऑगस्टमध्ये सलग 2 आठवडे मिळतात का, आणि नाताळात कारखाना बंद असतो त्या दिवसांची रजा आपल्याच खात्यातून कापतात का. राहण्याचा भाग ठरला की कळवा. प्रत्येक काउन्सिलच्या आणि काही शाळांच्या तारखा वेगळ्या असतात, तेव्हा आपल्या दोन्ही मुलांच्या शाळांच्या तारखा पाहून कोणते आठवडे जुळत नाहीत ते मी आपल्याला लिहून पाठवीन.